गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडे 'वॉर २' या हिंदी सिनेमावरून चाहत्यांत दोन तट का पडलेत?

भाऊ, तट सिनेमावरून कमी अन् हिरोवरून जास्त पडलेत. प्राणहिता नदीपलीकडे तेलंगणा, त्यामुळे सिरोंच्यात तेलुगू बोलणारे भरपूर. तेलुगू हिरो ज्युनिअर एनटीआरचा हा पहिला हिंदी सिनेमा, म्हणून त्याचे चाहते शिट्ट्यांच्या तयारीनंच बसले. पण हृतिकच्या कबीरसमोर आपला गडी खलनायकाच्या वाटेला लागलेला दिसला, अन् पोरं बिथरली. २०१९चा 'वॉर' डोक्यात असलेल्यांना दिग्दर्शक बदलल्याचं खटकलं: सिद्धार्थ आनंदच्या जागी अयान मुखर्जी. दोन्ही भाग पाहून सांगतो, दोन्ही हिरोंच्या बालपणीच्या दोस्तीची लांबण खरंच रटाळ आहे. दोघं समोरासमोर नाचतात ते गाणं मात्र फक्कड. फक्त मोबाइलवर तुकडे पाहून भांडणाऱ्यांचं मत यात धरू नका.