पाय चालताहेत तोवर ठरव

बेटा,

काल रात्रीचा तुझा लांबलचक मेसेज वाचला. तुझा कुत्रा ब्राउनी जेमतेम चार वर्षांचा, मागचे पाय लटपटतात, एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशनचा विचार करा, दुसरे म्हणतात पिंजऱ्यात ठेवा, आजोबा म्हणतात मुक्या जिवाला कापाकापी नको. आणि शेवटी तुझं, "काका, काय करू?" काय करायचं ते तुझ्या घरचं तुम्ही बघा. कधी ठरवायचं ते मी सांगतो. आज. तो चालतोय तोवर. आणि तोंडी नाही, कागदावर.

"एवढ्या लहान वयात मणक्याचं कसं झालं?" हे आधी डोक्यातून काढ. डॅशहंड आहे तो, लांब पाठीची आणि आखूड पायांची जात. त्याच्या १२व्या गुणसूत्रावर एका जनुकाची जादा प्रत असते. ती पायही आखूड करते आणि मणक्यांमधल्या चकत्याही अकाली म्हाताऱ्या करते, हे २०१७ साली संशोधकांनी दाखवून दिलं. चकतीतला मऊ गर सुकून खडूसारखा होतो आणि एखाद दिवशी सोफ्यावरून उडी मारताना, नाहीतर काहीच न करता, फुटून वर मज्जारज्जूवर आदळतो. तीन ते सात वर्षं हे त्याचं नेहमीचं वय. तू त्याला कडेवर चुकीचं घेतलंस म्हणून झालेलं नाही. रडणं पुरे.

आता नीट वाच. डॉक्टर याच्या पाच पायऱ्या धरतात. पहिली, नुसतं दुखणं. दुसरी, लटपटतो पण आपल्या पायांनी चालतो. ब्राउनी इथे आहे. तिसरीत पाय हलतात पण उभं राहवत नाही. चौथीत हलतही नाहीत, पण चिमटा काढलेला कळतो. पाचवीत चिमटाही कळत नाही. दुसऱ्या पायरीवर कडक विश्रांती आणि दुखणं थांबवणारी औषधं, एवढ्यावर बहुतेक कुत्रे सावरतात. दुखणं हटत नसेल किंवा पुन्हा पुन्हा उलटत असेल तर ऑपरेशन आताही चुकीचं नाही. चौथीपर्यंत ऑपरेशन झालं तर दहातले नऊ पुन्हा चालतात. पाचवीत गेल्यावर निम्मे, फार तर थोडे जास्त. आणि चौथीतून पाचवीत जायला एक रात्र पुरते. कळलं मी कशाची घाई करतोय ते?

चिमट्याचं नीट समजून घे, कारण इथेच घरोघरी गफलत होते. डॉक्टर चिमट्याने बोटाचं हाड दाबतात. पाय झटकन मागे ओढला जातो आणि सगळे खूश, "बघा, कळतंय त्याला!" पाय ओढणं ही नुसती खालच्या खाली होणारी प्रतिक्रिया. मेंदूपर्यंत काही पोचलं असं त्यावरून ठरत नाही. तू पायाकडे बघूच नको, तोंडाकडे बघ. मान वळवली, केकाटला, चावायला आला, तरच कळलं.

म्हणून कागद घे. लिही: आज पिंजरा. उभं राहता आलं नाही तर त्याच दिवशी सर्जनकडे, वाट बघायची नाही. चिमटा कळेनासा झाला तर निम्म्या आशेवर ऑपरेशन करणार की नाही, आणि नाही तर मग काय. हे शेवटचं लिहिताना हात अडेल. अडू दे, पण लिही. किती पैसे घालू शकतो तेही लिही, बाबांसमोर बसून. रात्री दोनला कुत्रा फरशीवर घसटत चालला असेल तेव्हा तुझ्या घरात कोणी शहाणपणाने बोलणार नाही. आजोबा तर नाहीच नाही.

आणि कुठे न्यायचं तेही आजच शोध. साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही. एमआरआय लागतो, तोही पूर्ण भूल देऊन. आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या व्हेटर्नरी कॉलेजात जाऊन विचार की मणक्याचं ऑपरेशन कोण करतं, कोणत्या वारी करतं, रात्री कोणी असतं का. बाहेरगावचे दोन सर्जनही विचारून ठेव. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण सुरू झाला म्हणून मुंबई जवळ आली नाही, ७०१ किलोमीटरच आहे ती. मे महिन्यात आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत दुखणारा कुत्रा घेऊन दुपारी निघता येत नाही, रात्रीच निघावं लागतं.

आमच्या कुत्र्याचे, गोट्याचे, पाय एका संध्याकाळी गेले. घरात चर्चा झालीच नाही, कारण पहिल्या झटक्यानंतर तुझ्या काकूने आणि मी लिहिलेला कागद देवघराच्या कप्प्यात होता. चिमटा कळत होता. निघालो. मणक्याच्या बाजूचं हाड कोरून खिडकी करतात आणि तिथून तो खडू उपसून काढतात, एवढंच ते ऑपरेशन. "मणका बदलतात", "हमखास लुळा होतो" ही सगळी चौकातली बडबड. नातेवाईक म्हणाले, एवढ्या पैशात बोअरवेल झाली असती. झाली असती नं! पण गोट्या शेवटपर्यंत आपल्या पायांनी चालला, थोडा वाकडा चालला, आणि ज्यांना तो वाकडेपणा खुपत होता त्यांनी बघू नये.

मनाला लागून आहे ते वेगळंच. पेरूच्या झाडाखाली घुशीचं बीळ होतं. ऑपरेशननंतर त्याला मी पुन्हा कधी उकरू दिलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, काही आठवड्यांनी हळूहळू मोकळा सोडा. तो पट्टा ताणून तिकडे बघत बसायचा, नाक हलायचं, आणि मी त्याला ओढून आत आणायचो. दुसरी चकती फुटण्याची धास्ती माझी होती, त्याला तिचं काही नव्हतं. काकू अजून बोलून दाखवते. तरी सांगतो, आज गोट्या असता तरी मी सोडला नसता. पाय गेलेले ज्याने बघितले त्याला सोडवत नाही.

पिंजरा म्हणजे पिंजरा, बरं का. निदान चार आठवडे. वळता येईल, पसरून झोपता येईल एवढाच. "थोडा वेळ हॉलमध्ये फिरवला, किती खूश झाला" असलं मला सांगायला येऊ नको. बाहेर काढायचा तो फक्त शी-शूला, गळ्यात पट्टा न घालता हार्नेस घालून. कूलरसमोरची फरशी ओली होऊन निसरडी होते, तिथे रबरी मॅट टाक. दिवसातून काही वेळा पोटाला हात लावून बघ. लघवी साचून पिशवी ताठ झाली की ती भरून आपोआप ठिबकते आणि घरचे म्हणतात, होतेय की त्याला! होत नसते, डॉक्टरकडून दाबून काढायला शिकून घे.

लकव्याची मालिश करणारा तो जो कोणी तुझ्या मावशीच्या ओळखीचा आहे, त्याला दारातूनच परत पाठव. फुटलेल्या चकतीवर चोळायचं? आणि घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नको, पोटात रक्तस्राव होतो. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र तर मुळीच नाही. दोन डॉक्टर झालेत तुझे. एकाने काय दिलं ते दुसऱ्याला सांगितलंस का? मेसेजमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही. आजच सांग, फोन करून.

गोट्याचा पिंजरा माळ्यावर आहे. कडी अडकते, तेल घालून ठेवतो. उद्या नऊच्या आत ये, नंतर ऊन चढतं. बाबांनाही आण, पैशांचं मी त्यांच्याशी बोलतो.

— काका