घरून काम करते, भाडं खर्ची टाकू का?

प्रश्न: नोकरी सोडून नुकतंच फ्रीलान्स डिझायनिंग सुरू केलंय. टॅक्स भरताना घरभाडं, नेट, नवा लॅपटॉप सगळं खर्चात दाखवता येतं का? मैत्रीण म्हणते टाक बिनधास्त, कोण बघतंय!

उत्तर: बघतात हो, मैत्रिणीचं ऐकू नका. खर्च कामासाठी झाला का आणि तो कागदावर दाखवता येतो का, एवढंच बघायचं. सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन, अकाउंटंटची फी, क्लायंटकडे जायचा प्रवास यात सहसा वाद होत नाही. घोळ होतो घरखर्चात. सारख्या आकाराच्या चार खोल्यांपैकी एक फक्त कामाला असेल तर भाड्याचा आणि विजेचा साधारण चौथा हिस्सा धरतात, पण तिथेच रात्री पाहुणे झोपत असतील तर तो आणखी कमी करा, आणि फोनचंही तसंच, एका महिन्याचं बिल घेऊन कामाचे कॉल मार्क करून ठेवा म्हणजे उद्या कुणी विचारलंच तर अंदाजपंचे बोलावं लागत नाही. लॅपटॉप बरीच वर्षं चालतो, म्हणून पूर्ण किंमत बहुधा एकदम मिळत नाही, घसारा म्हणून वर्षावर्षाला विभागून मिळते (काही देशांत छोट्या धंद्यांना पहिल्याच वर्षी पूर्ण सूट असते, ते विचारून घ्या). रोजचे कपडे आणि दंड विसराच. आणि कामाचं बँक खातं वेगळं काढा, पावत्यांचे लगेच फोटो घ्या, थर्मल कागदावरचे आकडे पार उडून जातात.