एकत्र खेळलो, पण प्रेम एकालाच झालं

या वेळी एकाच विषयावरची चार पत्रं घेतली आहेत. लहानपणी एका अंगणात वाढलेली दोन माणसं, दोन्ही घरांच्या परिस्थितीत मोठी तफावत आणि प्रेम एकाच बाजूला. पत्रं थोडक्यात दिली आहेत, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : आई ज्या घरी कामाला आहे, त्या घरातल्या मुलीबरोबर मी बारा वर्षांचा होईपर्यंत खेळलो. पुढे ती शिकायला बाहेर गेली. आता मी २८ वर्षांचा आहे, मला नोकरी आहे, आई अजून तिथेच काम करते. ती मुलगी वर्षातून दोन-तीनदा येते आणि अगदी मनमोकळं बोलते. ती माझीच आहे असं लहानपणापासून वाटत आलंय, पण मी तिला कधी सांगितलेलं नाही. सांगावं का? कसं?

उत्तर : आधी एक हिशेब कागदावर मांडा. त्या घरावर तुमच्या घरातलं काय काय अवलंबून आहे? आईचा पगार, राहायची जागा, घेतलेली उचल, धाकट्या भावंडाची फी, दुखण्याखुपण्यात मिळणारा आधार. यातलं काहीही असेल तर त्याची पर्यायी सोय झाल्याशिवाय बोलू नका. निदान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा आणि आईला दुसरं काम मिळण्याची वाट दिसत असावी. त्या घरी राग आला तर त्याची किंमत आईला मोजावी लागेल, आणि ती मोजायची की नाही हे तिला कुणी विचारलेलं नसेल. दुसरं कारण त्या मुलीचं आहे. आपण नकार दिला तर यांच्या आईचं काय होईल, ही धास्ती मनात असताना तिला मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता येणार नाही. तुम्हाला मग अर्धवट, गुळमुळीत उत्तर मिळेल, आणि अशा प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान गुळमुळीत उत्तरानेच होतं.

आता दुसरी तपासणी. तिच्याबद्दल गेल्या वर्षभरातल्या दहा गोष्टी लिहा. सध्या तिला कशाची काळजी आहे, कामात तिला काय जड जातं, कोणाशी तिचं पटत नाही, कुठल्या बाबतीत तिचं मत बदललं. लिहिताना हात चौथ्या-पाचव्या ओळीवर थांबला आणि बाकी सगळं बारा वर्षांच्या मुलीबद्दलच आठवत राहिलं, तर तुमचं प्रेम त्या काळावर आहे. ते खोटं नाही, पण आज समोर असलेल्या बाईला त्याचं उत्तर देता येणार नाही. अशा वेळी सांगण्याची घाई न करता आजच्या तिला ओळखा. ओळख वाढवण्याइतका संबंधच उरला नसेल तर तोही एक निर्णयच समजा.

एक गोष्ट तुमच्यासारख्या बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. लहानपणाचं वजन दोन्ही बाजूंना सारखं नसतं. मोठ्या घरातल्या मुलासाठी ते अंगण म्हणजे नुसतं अंगण असतं. कामाला येणाऱ्या बाईच्या मुलाला मात्र आत कुठल्या दाराने जायचं, खेळ कधी थांबवायचा, हे पहिल्या दिवसापासून कळतं, म्हणून तिथे मिळालेली बरोबरीची वागणूक त्याच्या मनावर कोरली जाते. जी दुपार तुम्हाला तपशीलवार आठवते ती तिला आठवतही नसेल. त्यात तिने काही लपवलेलं नाही.

शिवाय जवळून वाढण्याने प्रेम जुळतंच असं नाही, कधी उलटही होतं. जोसेफ शेफर या संशोधकांनी १९७१ मध्ये इस्रायलमधल्या किबुत्झ वसाहतींत, म्हणजे जिथे मुलं लहानपणापासून गटाने एकत्र वाढवली जात अशा सामूहिक वसाहतींत, वाढलेल्यांचे २,७६९ विवाह तपासले. एकाच बालगटात वाढलेल्यांनी एकमेकांशी केलेली लग्नं त्यांत अगदी मोजकी निघाली. या निष्कर्षाच्या अर्थावर पुढे आक्षेप घेतले गेले, तो नियम म्हणून घेऊ नये. पण ‘तू मला भावासारखा’ हे वाक्य प्रत्येक वेळी सबब नसतं, एवढं त्यातून घ्यावं.

दोन्ही तपासण्यांतून पार पडलात तर आमचं मत : सांगा, आणि एकदाच सांगा. मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनोव्ह यांनी १९७९ मध्ये अशा झपाटलेल्या प्रेमाचं सविस्तर वर्णन केलं. थोडी आशा आणि पुष्कळ अनिश्चितता या दोन गोष्टींवर ते पोसलं जातं, असं त्यांना आढळलं. बहुतेकांत ते दीड ते तीन वर्षांत ओसरतं, पण अनिश्चितता टिकली तर लांबतं. वर्षातून दोन-तीन मनमोकळ्या भेटी आणि मध्ये काहीच नाही, ही तुमची स्थिती ते पोसायला पुरेशी आहे.

सांगायची जागा अशी निवडा जिथे तुमच्यापैकी कोणीही पाहुणा नाही, यजमान नाही. आई आत भांडी घासत असताना तिच्या दिवाणखान्यात हे बोलू नका. वेळ दिवसाची, ती घाईत नसेल अशी. बोलणं दोन मिनिटांचं. साधारण असं : “मला तू आवडतेस, मैत्रिणीपेक्षा जास्त. तुला तसं वाटत असेल असं मी धरून चाललेलो नाही. आत्ता किंवा चार दिवसांनी उत्तर दे, ‘नाही’ असेल तर तेवढंच सांग, कारण विचारणार नाही. आईच्या कामाचा याच्याशी संबंध नाही, तिची सोय मी केलेली आहे.” शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणायचं.

वगळायचं ते असं : लहानपणी खेळात दिलेली वचनं, सोसलेली गरिबी, ‘तुझ्यासाठी एवढा शिकलो’, आणि भेटवस्तू. यातल्या प्रत्येकाने समोरच्यावर ऋण चढतं, मग ती तुम्हाला उत्तर देण्याऐवजी ऋण फेडायला लागते. कर्ज काढून घेतलेली महागडी भेट तर हमखास बिघडवते. तिला वस्तू ठेवताही येत नाही, परत करताही येत नाही. पत्र लिहायचं तर अर्ध्या पानाचं लिहा, तीन दिवस ठेवा, मग पुन्हा वाचून सकाळी द्या. रात्री पाठवलेला लांबलचक मेसेज, आईमार्फत किंवा तिच्या भावामार्फत पोचवलेला निरोप, दोन्ही टाळा. तिचं लग्न ठरलेलं असेल तर सांगूच नका.

उत्तर ऐकतानाही तयारी लागते. ‘आत्ता तसा काही विचार नाही’ म्हणजे नाही. पंधरा दिवस काहीच उत्तर नाही, म्हणजेही नाही. खरा फसवा प्रकार ‘घरचे ऐकणार नाहीत’ हा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, तिचं मन आहे, मध्ये फक्त पैसा आहे. ‘मला तू आवडतोस, पण’ अशी सुरुवात तिने स्वतःहून केली नसेल तर तोही नकारच. “बरं, सांगितलंस ते चांगलं झालं” इतकं म्हणून निघा. ‘मैत्री तरी ठेवू’ अशी मागणी त्याच क्षणी करू नका. पुढचे तीन महिने संपर्क नको, त्यानंतर समोरासमोर आलात तर नमस्कार, चौकशी, बस.

प्रश्न : आमच्याकडे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या काकांचा मुलगा माझा लहानपणचा सवंगडी. दोन महिन्यांपूर्वी त्याने मला पत्र दिलं. माझ्या मनात तसं काही नाही. त्याला अपमान वाटू नये म्हणून मी उत्तर दिलं नाही आणि पूर्वीसारखीच वागते. तो वाट पाहतोय असं जाणवतं. काय करू?

उत्तर : याच आठवड्यात उत्तर द्या. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंची कथनं तपासली. नाकारणाऱ्यांना अपराधी वाटत होतं, आपण कधी आशा दाखवली नाही असं त्यांचं म्हणणं होतं. प्रेम करणाऱ्यांना मात्र आपल्याला आशा दाखवली गेली आणि स्पष्ट नकार कधी मिळालाच नाही, असं वाटत होतं. तुमच्या दोन महिन्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ तो असाच लावत असणार.

इथे जबाबदारी तुमच्याकडे थोडी जास्त आहे, असं आम्ही स्पष्टच म्हणू. त्याच्या वडिलांची रोजीरोटी तुमच्या घरात आहे, त्यामुळे तो तुम्हाला दुसऱ्यांदा विचारू शकत नाही. समोरासमोर सांगा : “तुझं पत्र वाचलं. माझ्या मनात तुझ्याबद्दल तसं नाही, आणि ते बदलेल असं मला वाटत नाही. उत्तर द्यायला उशीर केला, ते चुकलं. हे आपल्या दोघांतच राहील, काकांच्या कामावर याचा परिणाम होणार नाही.” घरच्यांचं कारण पुढे करू नका. ‘तुला माझ्याहून चांगली मिळेल’ हेही नको, त्या वाक्याने आजवर कोणाला धीर आलेला आम्ही ऐकलेला नाही.

घरातून त्यांना होणारी मदत आहे तशीच चालू द्या, वाढवू नका, थांबवूही नका. फक्त ती तुमच्या हातून जाऊ नये. जुना फोन देणं, फॉर्म भरून देणं, गाडीने सोडणं हे काही काळ दुसऱ्या कोणीतरी करावं. आईवडिलांना सांगायची गरज नाही. पण नकारानंतर तो पाठलाग करू लागला, सतत मेसेज करू लागला किंवा तुम्हाला भीती वाटली, तर मेसेज जपून ठेवा आणि घरी त्याच दिवशी सांगा.

प्रश्न : नकार मिळून आठ महिने झाले. विसरायचा जितका प्रयत्न करतो तितकी ती आठवते. आपल्याकडे पैसा असता तर तिने होकार दिला असता, हा विचार पाठ सोडत नाही.

उत्तर : विसरायचा प्रयत्न थांबवा, तोच आड येतोय. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये काही जणांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. त्यांना तो येतच राहिला, आणि नंतर विचाराची मुभा मिळाल्यावर, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षाही जास्त वेळा आला. म्हणून विचाराला वेळ नेमून द्या, संध्याकाळी वीस मिनिटं, झोपेच्या लगेच आधी नको. एरवी आठवण आली की ‘संध्याकाळी’ इतकंच मनाशी म्हणायचं आणि हातातल्या कामाची पुढची एक कृती करायची. तिचे फोटो आणि स्टेटस दिसणार नाहीत अशी सेटिंग करा. जुने मेसेज पुसवत नसतील तर विश्वासातल्या कोणाकडे ठेवायला द्या.

मन कागदावर मोकळं करा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तुम्ही रोज तेच तेच घोळवणाऱ्यांपैकी असाल तर जपून. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मधल्या अभ्यासात, जोडीदारापासून विभक्त झालेल्या आणि त्याचा अर्थ सतत शोधत बसणाऱ्या माणसांना भावना लिहिण्यापेक्षा दिवसभरात काय केलं एवढंच साधेपणाने लिहिणं अधिक मानवलं. तुम्हीही तेच करून पाहा : उठलो, कामावर गेलो, कोणाशी काय बोललो.

पैशाचा विचार वेगळा हाताळावा लागेल. तो पडताळता येत नाही, म्हणून संपत नाही. त्याच्या नादात माणसं हप्त्यांवर गाडी घेतात, न झेपणारा धंदा काढतात, ‘दाखवून देईन’ म्हणून नको त्या नोकरीत वर्षं घालवतात. पुढचे सहा महिने कुठलाही मोठा खर्च किंवा कर्ज ठरवताना स्वतःला विचारा : तिला हे कधीच कळणार नसेल तरी मी करेन का? गरिबीमुळे त्या घरात तुमचा खरोखर अपमान झाला असेल, तर ते दुःख खरं आहे. त्यावर एखाद्या जवळच्या माणसाशी स्वतंत्रपणे बोला. तिच्या नकाराच्या खात्यात ते मांडू नका, नाहीतर दोन्ही जखमा एकमेकींना भरू देत नाहीत.

झोप किंवा जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, कामावर जाववत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. जगू नये असं वाटलं तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका.

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलीचा शेजारच्या सधन घरातल्या मुलावर जीव आहे. त्याला हे माहीत नाही. तिचं तिकडे जाणं बंद करू का?

उत्तर : नका करू. बंदी घातली की जे सहज विरलं असतं त्याला वेगळंच महत्त्व येतं. ‘आपली पायरी ओळख’ हे तर चुकूनही म्हणू नका. मुलगा विसरला जाईल, पण ते वाक्य तिच्या मनात घर करून बसेल. हसू नका, तिची वही वाचू नका, नातेवाइकांत विषय काढू नका. ती स्वतः बोलली तर तिचं पूर्ण ऐका आणि दोन गोष्टी सांगा : आवडणं हे लाजिरवाणं नाही, आणि समोरच्याला आवडलं नाही तर आपण कमी ठरत नाही. लक्ष एवढ्यावरच ठेवा, की त्या घरी ती मैत्रीण म्हणूनच जाते ना. तिला तिथे किरकोळ कामं सांगितली जात असतील किंवा ती आपणहून त्याचा अभ्यास लिहून देत असेल, तर तेवढं मात्र लगेच थांबवा.