क्वांझा, किनारा आणि आपला मनोरा

प्रश्न आला आहे अमेरिकेतल्या शार्लटहून: "शेजारच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने ३१ डिसेंबरला क्वांझाच्या जेवणाला बोलावलं आहे. शब्दाचा अर्थ काय? मराठीत 'आफ्रिकी नाताळ' म्हटलं तर चालेल का? आणि त्यांनी त्यांच्या पद्धतीने काही विचारलं तर उत्तर काय द्यायचं?"

"आफ्रिकी नाताळ" मुळीच चालणार नाही. दर डिसेंबरात हा शब्दप्रयोग कुठे ना कुठे दिसतो आणि दर वेळी माझा जीव खालीवर होतो. नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या तोंडून आला आणि त्याचा अर्थच जन्म. क्वांझात जन्म कुणाचाच नाही, देवाचा नाही की प्रेषिताचा नाही. हा धार्मिक सणच नव्हे. बरं, आफ्रिकी तरी कुठे? सण अमेरिकेतला. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात ऑगस्ट १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या संतापाचा मोठा उद्रेक झाला, ३४ माणसं गेली. त्यानंतरच्या वर्षी कृष्णवर्णीय चळवळीतले नेते मौलाना करेंगा यांनी आपल्या समाजाला स्वतःचा असा एक सण हवा म्हणून हा घडवला. २६ डिसेंबर १९६६ ते १ जानेवारी १९६७ हा पहिला क्वांझा. सुरुवातीला करेंगा स्वतः त्याला नाताळाचा पर्याय म्हणत, पुढे त्यांनी ती भाषा सोडली, आणि आज पुष्कळ घरांत नाताळचं झाड आणि क्वांझाच्या मेणबत्त्या एकाच खोलीत असतात.

आता शब्द. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत "मातुंदा या क्वांझा" म्हणजे पहिली फळं. मातुंदा फळं, "या" म्हणजे आपला चा-ची-चे मधला "ची", आणि क्वांझा म्हणजे पहिला. धातू "आंझा", सुरू होणं. त्याला "कु" लागला की क्वांझा. उकारापुढे अ आला की व होतो, सु अधिक आगत स्वागत होतं तसंच, आणि यासाठी पाणिनीला मोंबासापर्यंत न्यायची गरज नाही, तोंडाची ठेवणच तशी आहे. तेव्हा "क्वांझा म्हणजे नवान्न" असं जे लिहितात त्यांनी थोडं थांबावं. फळं त्या शब्दात नाहीतच, ती मागच्या मागे गळली आहेत. नवान्नाची कल्पना खरी आहे. झुलू आणि स्वाझी लोकांत पहिल्या पिकाचे मोठे उत्सव होतात आणि तिकडे डिसेंबरात ऐन उन्हाळा असल्याने ते याच सुमाराला येतात. म्हणजे चाल दक्षिण आफ्रिकेकडची, शब्द पूर्व आफ्रिकेचा आणि घर अमेरिकेत.

रोमन लिपीत या सणाच्या नावात शेवटी एक जादा "ए" असतो. मूळ शब्द सहा अक्षरी, सणाचं नाव सात अक्षरी. सुरुवातीच्या एका सोहळ्यात सात मुलं होती, प्रत्येकाला एकेक अक्षर धरून उभं राहायचं होतं, म्हणून सातवं अक्षर जोडलं असं सांगतात. देवनागरीत त्याची काही खूण करायला नको. झ पिझ्झातला. अंगोलाचं चलनही क्वांझा आहे, पण ते तिथल्या नदीच्या नावावरून. दोघांची गाठ मारू नका.

इतकं झालं की खरा विषय. गेल्या वर्षी परदेशातल्या एका मराठी दिवाळी अंकात वाचलं की क्वांझाच्या मेणबत्त्यांच्या लाकडी बैठकीला "किनारा" म्हणतात, आणि स्वाहिली ही किनाऱ्यावरची भाषा म्हणून हा आपलाच किनारा, कोकणातून तिकडे गेलेला. लेखकाने अर्धं पान यावर खर्च केलं आहे. साफ चूक. स्वाहिली या नावात किनारा आहे हे खरं, अरबी साहिल म्हणजे समुद्रकाठ आणि सवाहिल त्याचं अनेकवचन. पण आपला किनारा फारसी, आणि दिवा ठेवायच्या वस्तूला कुणी काठ कशाला म्हणेल? नुसता ध्वनी जुळला की नातं जोडायचं, ही आपल्या हौशी व्युत्पत्तिकारांची जुनी खोड आहे.

माझं मत असं. स्वाहिलीत नामाच्या डोक्यावर एक छोटा प्रत्यय बसलेला असतो आणि नाम कोणत्या गटातलं ते तो सांगतो. "म" आला की अनेकवचनात "मि". "कि" आला की "वि", आणि हा "कि" बहुधा वस्तूंचा आणि लहान रूपाचा, आपल्या गाडा-गाडीतल्या ईसारखा. या लोकांच्या कानाला ही सवय इतकी, की अरबी किताब त्यांच्याकडे किताबू झाला तेव्हा त्यांनी त्यातला "कि"सुद्धा प्रत्यय धरला आणि पुष्कळ पुस्तकांना विताबू म्हणू लागले. अरबी शमा, म्हणजे आपल्या शमादानातली शमा, तिकडे मशुमा झाली. एक मशुमा, अनेक मिशुमा. क्वांझाच्या सात मेणबत्त्यांना "मिशुमा साबा" म्हणतात ते यामुळे. (साबा म्हणजे सात, तोही अरबी. सप्तशी जुळवायला जाऊ नका.)

याच रीतीने अरबी "मनारा" तिकडे गेला आणि "म्नारा" झाला. म्नारा म्हणजे बुरूज, मिनार, दीपगृह. अनेकवचन मिनारा. आता बघा. अरबीत मनाराचा "म" हा जागा दाखवणारा आहे. सजदा करायची जागा ती मस्जिद, आपली मशीद. तसं नूर असायची जागा ती मनारा. नूर आपण रोज वापरतो, "बातमी ऐकून तिच्या चेहऱ्याचा नूरच पालटला" म्हणतो, तोच नूर. स्वाहिलीने हा "म" आपला प्रत्यय समजून सोडवून घेतला, आणि अरबी व्याकरण माहीत नसतानाही काप बरोबर सांध्यावर बसला. मागे उरलं "नारा", म्हणजे उजेडाचं मूळ. त्याला लहानपणाचा "कि" लावला की किनारा. बोटभर उंचीचा दीपस्तंभ! या किनाऱ्याला मराठीत सख्खा भाऊ आहे, पण तो किनारा नव्हे, मनोरा.

मनोरा म्हटलं की आपल्याला नुसती उंची दिसते, घंटेचा मनोरा, पाण्याचा मनोरा. उजेड त्यातून पार निघून गेला आहे. मूळ अर्थ बघायचा असेल तर जेजुरीच्या दीपमाळांकडे बघा. दगडाचा खांब आणि त्याला अंगभर दिव्यांचे हात. मनाराचं याहून नेमकं भाषांतर मला सुचत नाही. आणि घराण्याची तिसरी फांदीही मराठी बोलते. अलिबागकडच्या बेने इस्राएली ज्यूंना गावोगाव शनवार तेली म्हणत, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. ज्यू लोकांच्या दिव्याचं हिब्रू नाव मेनोरा, तोही याच धातूचा. सात हात पाहून "किनारा ही मेनोराची नक्कल" असं काही जण ठोकून देतात. किनाऱ्याचे सात दिवे क्वांझाच्या सात तत्त्वांमुळे आहेत, ती पुढे येतीलच. नातं शोधायचं तर शब्दात शोधा, तिथे ते पक्कं आहे.

दोन वर्षांपूर्वी भाच्याकडे अटलांटाला गेले होते, तेव्हा त्याच्या शेजाऱ्यांकडे हे सगळं जवळून पाहिलं. टेबलावर विणलेली चटई, तिच्यावर किनारा, समोर एकीचा पेला, आणि मक्याची तीन कणसं, घरात मुलं तीन म्हणून. तीस तारीख होती. मधली काळी मेणबत्ती, दोन तांबड्या आणि दोन हिरव्या अशा पाच पेटल्या होत्या. (काळा, तांबडा, हिरवा हे रंग कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांच्या चळवळीच्या १९२० च्या झेंड्याचे.) सात-आठ वर्षांच्या नातीने आजोबांकडे वळून विचारलं, "हाबारी गानी?" आजोबा म्हणाले, "निया." मला कुणीही काहीही समजावून सांगावं लागलं नाही. हाबारी म्हणजे खबर. काय खबर? आणि उत्तर, नियत. अंगावर काटा आला.

क्वांझाच्या सात दिवसांची सात तत्त्वं आहेत, रोज एक, आणि "हाबारी गानी" विचारलं की त्या दिवसाचं तत्त्व सांगायचं. उमोजा (एकी), कुजिचागुलिया, उजिमा (सगळ्यांचं काम आणि सगळ्यांची जबाबदारी), उजामा, निया (हेतू), कुउंबा (निर्मिती) आणि इमानी (श्रद्धा). यातले तीन शब्द आपल्या घरचे आहेत. इमानी म्हणजे इमान. उजामात जमात आहे. सहकाराने धंदा-व्यवहार करणं असा अर्थ, आणि टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी याच शब्दावर आपलं राजकारण उभं केलं. निया म्हणजे नियत. मग आपल्याकडे नियत, जमात आणि तिकडे निया, जामा असं का? या शब्दांच्या शेवटी जे अरबी अक्षर असतं, त्याचा उच्चार बोलणारा तिथे थांबला तर "त" होत नाही. पूर्व आफ्रिकेने शब्द खुद्द अरब खलाशांच्या तोंडून उचलले, तेव्हा "त" आलाच नाही. आपल्याकडे ते फारसी दफ्तरातून आले आणि फारसीने "त" घट्ट धरला होता. म्हणून तिकडे रेहेमा, आपल्याकडे रहमत. तिकडे ठेव म्हणजे अमाना, आपल्याकडे अमानत, आणि तिची उलटापालट होऊन आपली अनामत रक्कम. मनोऱ्याचा "त" मात्र फारसीतही टिकला नाही. तेवढा अपवाद मान्य.

कुजिचागुलियाबद्दल थोडं. कु + जि + चागु + लि + या. चागुआ म्हणजे निवडणं, जि म्हणजे स्वतः, आणि मधला "लि" म्हणजे "साठी". स्वतःचं स्वतःसाठी निवडणं. याला "स्वयंनिर्णय" हा प्रतिशब्द सगळे देतात आणि तो अपुरा आहे, कारण त्यात "साठी" नाही. ज्यांच्या पूर्वजांची नावंसुद्धा मालकांनी ठेवली, त्यांना तो "साठी" लागतो.

स्वाहिलीच का, असा आक्षेप घेणारे आहेत. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेले बहुतेक लोक पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले, त्यांची भाषा ही नव्हेच. आक्षेप खरा आहे, पण मला तो पटत नाही. पश्चिम आफ्रिकेतली योरुबा घेतली असती तर शेजारचे इग्बो म्हणाले असते, आम्ही कुठे? जी भाषा एका जमातीची नाही, अनेकांची बाजारातली आणि बंदरावरची आहे, ती घेतली हे बरंच झालं.

एक काटा काढायचा राहिला. सणात शेवटी सगळे मिळून सात वेळा "हारांबे!" म्हणतात. अर्थ, चला, मिळून ओढूया. केनियाच्या राजचिन्हावर हाच शब्द आहे. आपले लोक मोठ्या अभिमानाने सांगतात की तिथली रेल्वे बांधणारे भारतीय मजूर "हर अंबे" म्हणत रूळ उचलत, त्यावरून हा शब्द आला. अहो, त्या रेल्वेवरचे बहुसंख्य मजूर पंजाबातले होते, त्यात शीख आणि मुसलमान भरपूर. शिवाय "हर" महादेवाचा. गुजरात "जय अंबे" म्हणेल, आपण "उदे गं अंबे उदे" म्हणू. "हर अंबे" अशी आरोळी देऊन ओझं उचलणारा माणूस मला कुणी दाखवावा. जड वस्तू ओढताना एका दमात म्हणायची हाक प्रत्येक बंदरावर असते, आपल्या कोळ्यांचीही आहे. ती त्यांची त्यांना राहू द्या.

तर, ३१ तारखेचं जेवण. त्याला "कारामू" म्हणतात, क्वांझातलं सगळ्यांत मोठं जेवण. मुलांसाठी भेट न्या आणि त्यात एक पुस्तक असू द्या, तशी रीत आहे. "हाबारी गानी?" विचारलं तर त्या दिवशी उत्तर "कुउंबा". शब्दाला मराठी प्रतिशब्द नको, "क्वांझा"च म्हणा. आणि टेबलावरच्या सात दिव्यांच्या बैठकीला काय म्हणतात असं मुलांनी विचारलं, तर त्यांना मनोऱ्याची गोष्ट सांगा.