‘क्लो’ला मळा म्हणावं का?

रावेरचे एक वाचक शांपेन या फ्रेंच वाइनवरच्या लेखाचा अनुवाद करताहेत. ‘क्लो द्यु मेनील’ या वाइनचं नाव ‘मेनीलचा मळा’ असं दिलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

माझ्या मते नको. मळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी विहीर येते. विहिरीला पाणी लागलं, वावर बागायत झालं, की त्याचा मळा होतो. अहिराणीत ‘मया’ म्हणा, पाणी त्यात आलंच. ही वाइन जिथे होते त्या शांपेन प्रांतातल्या द्राक्षवेली वाढतात पावसावर. ‘क्लो’चं मूळ लॅटिन ‘क्लाउसुस’, म्हणजे बंद केलेलं. मळ्यात पाणी आहे, तशी क्लोमध्ये भिंत आहे.

इथे तर ती खरोखरच उभी आहे. ल मेनील-स्यूर-ओजे या गावात 1.84 हेक्टरची, म्हणजे जेमतेम साडेचार एकरांची ही जमीन. तिला भिंत घातली 1698 साली. शांपेन करणाऱ्या क्रूग या घराण्याने ती 1971 मध्ये घेतली आणि 1979 च्या हंगामापासून तिची वेगळी वाइन केली. एरवी शांपेन म्हणजे मिश्रणाची कला: अनेक गावांची, बहुधा द्राक्षांच्या दोन-तीन जातींची, अनेक वर्षांची वाइन एकत्र करायची. क्रूगचा लौकिकही त्यावरच उभा आहे. ‘क्लो द्यु मेनील’ मात्र याच तुकड्यातली, फक्त शार्दने जातीची, एकाच वर्षाची. भिंतीबाहेरचं एक द्राक्षही त्यात नाही, हे नावातच सांगितलंय. ‘मळा’ लिहिलं की नेमकं तेच हरवतं.

मग शब्द कोणता? ‘वाडी’. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यातूनच वाडा, वाडी, गुरांचं वाडगं. गुजरातीत अजूनही ‘वाड’ म्हणजे कुंपण, नंदुरबारकडच्यांना हे सांगायला नकोच. कोकणात नारळी-पोफळीची वाडी म्हणतात, ती हीच.

अडचण एवढीच की आपल्याकडे वाडी म्हटलं की चार घरांची वस्ती आठवते. आणि गंमत पाहा, ‘मेनील’चाही मूळ अर्थ जवळपास तोच! उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘मान्सिओनिले’ म्हणजे लहानशी वस्ती. शब्दशः गेलो तर ‘वाडीतली वाडी’ होईल. कुंपण आणि वस्ती हे दोन्ही अर्थ आपला एकच शब्द पोटात घेऊन बसलाय, याचा मला फार आनंद वाटतो.

म्हणून विशेषनाम आहे तसंच ठेवा. मेनील लिहा, ‘मेस्निल’ नको. क्लो लिहा, ‘क्लोस’ नको. दोन्हीकडचा ‘स’ फ्रेंचमध्ये उच्चारत नाहीत. पहिल्या उल्लेखाला पुढे जोडा: ‘मेनील गावातली भिंतबंद द्राक्षवाडी’. ‘द्राक्ष’ जोडल्यावर वस्तीचा गैरसमज उरत नाही, आणि ‘भिंतबंद’ रावेरात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.