आधी पाठ, मग प्रबंध

सप्रेम आशीर्वाद.

पोथ्या ताडून पाहण्याच्या कामाला तू ‘हमाली’ म्हटलंस. म्हण बापडी. पण वैयाकरण पतंजलीवर प्रबंध लिहायचाय ना? मग जर्मन संस्कृतपंडित फ्रान्झ कीलहॉर्न कसे काम करत, ते आधी नीट पाहा.

१८४० साली ओस्नाब्रुकला जन्म. बेन्फाय, श्टेन्झ्लर, वेबर अशा दिग्गजांकडे शिक्षण, मग ऑक्सफर्डला मोनिअर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशाचं काम. १८६६मध्ये डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून ते पुण्यात आले आणि इथल्या शास्त्र्यांकडे व्याकरण वाचायला बसले! नागोजीभट्टाचा ‘परिभाषेन्दुशेखर’ हा व्याकरणग्रंथ त्यांनी संपादून इंग्रजीत आणला, त्यामागे ही बैठक आहे. तू मात्र शास्त्रीबुवांकडे जायला अजून मुहूर्त शोधते आहेस.

महाभाष्याची, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या पतंजलीच्या भाष्याची, गोष्ट याहून मोठी. आपल्यापर्यंत आलेला त्याचा पाठ, म्हणजे मूळ मजकूर, कितपत अस्सल, अशी शंका खुद्द वेबरना होती. शिवाय पोथ्यांत कात्यायनाची वार्तिकं (पाणिनीच्या सूत्रांवरच्या त्याच्या छोट्या टिपा) आणि पतंजलीचं भाष्य सलग लिहिलेलं. कुठलं वाक्य कुणाचं हे कसं ठरवायचं? कीलहॉर्ननी पतंजलीची लकब पकडली. तो वार्तिक देतो आणि लगेच ते सोडवून सांगतो. ‘सिद्धे शब्दार्थसंबन्धे’ हे वार्तिक. पुढे ‘सिद्धे शब्दे अर्थे संबन्धे च’ हा पतंजली. हे एकदा दिसलं की पानंच्या पानं सुटी होत जातात. १८७६मध्ये त्यांनी ही मांडणी छापली आणि १८८० ते ८५ या काळात महाभाष्य तीन खंडांत काढलं. आजही आपण खंड, पान, ओळ असा संदर्भ देतो तो त्याच आवृत्तीचा. त्या काळातले मोठमोठे सिद्धान्त आज किती जण उघडून पाहतात, सांग बरं.

पुढे जर्मनीत गटिंगेनला जाऊन त्यांनी शिलालेख हाती घेतले, तिथी-वार गणिताने तपासत कलचुरी संवत या जुन्या कालगणनेचा आरंभ इ.स. २४८च्या आसपास आणून ठेवला. काम निराळं, खोड तीच.

तर आता असं कर. पस्पशाह्निकाची, म्हणजे महाभाष्याच्या पहिल्या प्रकरणाची, पोथी घे, छापील प्रत कपाटात ठेव. वार्तिकं तुझी तू वेगळी काढ, प्रत्येकापुढे कारण लिही. मगच कीलहॉर्न उघड. जिथे त्यांच्याशी जमणार नाही, ती ठिकाणं घेऊन ये. प्रबंधाचा विषय त्यानंतर ठरवू.