प्रेन्झलाउअर बेर्गचं भाडं परवडतं म्हणून घ्यावं का? बर्लिनला येणाऱ्या कुटुंबासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बर्लिनमधली नोकरी पक्की झाली आहे, मोठी मुलगी येत्या ऑगस्टमध्ये सहा वर्षांची होईल, धाकटा तीनचा आहे. ऑफिसातले सगळे म्हणतात, मुलं असतील तर प्रेन्झलाउअर बेर्गच बघा. भाडं मात्र छाती दडपवणारं. एवढे पैसे मोजावेत का?

भाग खरोखर चांगला आहे. पण शाळा आणि पाळणाघर चांगलं मिळावं म्हणून तुम्ही जास्त भाडं देणार असाल, तर थांबा. त्या दोन गोष्टी भाड्यावर ठरतच नाहीत.

आधी धाकट्याचं. बर्लिनमध्ये किटा, म्हणजे इथलं पाळणाघर-बालवाडी, ऑगस्ट 2018 पासून बिनाफीची आहे. जेवणाचे महिन्याला 23 युरो द्यावे लागतात. एखादी किटा जादा सोयींसाठी आणखी पैसे मागते, पण त्यालाही 90 युरोंची मर्यादा आहे. प्रवेशासाठी किटा-गुटशाइन लागतं. हे हमीपत्र तुमच्या बेत्सिर्कचं, म्हणजे महापालिका विभागाचं, युगेंडआम्ट (बाल-युवक कार्यालय) देतं. किटा सुरू होण्याच्या नऊ ते दोन महिने आधी अर्ज करायचा. हे पत्र शहरभर कुठेही चालतं, त्यामुळे घर एका भागात आणि किटा ऑफिसच्या वाटेवर, असंही जमतं.

मुलीचं गणित वेगळं आहे. 30 सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्या मुलाला त्याच वर्षी पहिलीत जावंच लागतं. सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. प्रत्येक पत्ता कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हद्दीत येतो, आणि कधीकधी रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या शाळा असतात. दुसरी शाळा मागता येते, पण जागा उरली तरच मिळते. प्रेन्झलाउअर बेर्ग ज्या पांको बेत्सिर्कमध्ये येतो, तो लोकसंख्येने बर्लिनमधला सर्वांत मोठा, चार लाखांवर वस्तीचा. शाळा भरलेल्या आहेत, काही ठिकाणी आवारात तयार साच्याच्या जादा इमारती उभ्या केल्या आहेत. मग महागड्या पत्त्याने शाळेत नेमकं काय जास्त मिळतं? शेजारपाजारची मुलं सारख्या घरांतली असतात, एवढंच. पहिली ते सहावी दुपारचं जेवण आणि शाळकरी मुलांचा शहरभराचा प्रवासपास सगळीकडेच मोफत आहे. मुलीला जर्मन येत नसलं तरी घाबरू नका, पहिली-दुसरीच्या मुलांना सहसा थेट नेहमीच्या वर्गातच बसवतात.

एक मुद्दा नवख्यांच्या हमखास सुटतो. जर्मनीत बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते, बर्लिनमध्ये सहावीपर्यंत. सातवीपासूनच्या शाळेसाठी पत्त्याची हद्द नसते. म्हणजे शाळेच्या दृष्टीने पत्त्याला किंमत फक्त सहा वर्षं. मात्र ती सहा वर्षं पोरीची शाळा मध्येच बदलू नये, यासाठी मी महागड्या भागापेक्षा कायमच्या करारावर कितीतरी जास्त भर देईन.

मग लोक जास्त पैसे देतात ते कशासाठी? उंबऱ्याबाहेरच्या गोष्टींसाठी, आणि त्या खऱ्या आहेत. कोल्विट्सप्लात्स आणि हेल्महोल्ट्सप्लात्स हे चौक म्हणजे मधोमध खेळाची मैदानं आणि भोवती दुकानं, कॅफे. कोल्विट्सप्लात्सला गुरुवारी आणि शनिवारी बाजार भरतो. कोल्विट्सस्ट्रासवर कोले 37 नावाचं मैदान आहे, सहा ते सोळा वयाच्या मुलांसाठी. तिथे मुलं स्वतः हातोडी, करवत आणि खिळे घेऊन लाकडी खोपटी बांधतात. भर शहरात सहा वर्षांच्या मुलीला हे चालत जाण्याच्या अंतरावर मिळणं मोठी गोष्ट आहे. तुमचं घर लहान असेल आणि दोघंही नोकरी करणार असाल, तर संध्याकाळचे ते दोन तास या भागात खरंच सोपे जातात.

आता घरं. बरीचशी आल्टबाउ, म्हणजे जुन्या इमारतींतली, साधारण 1870 ते 1914 मधली. छत तीन मीटरच्या वर, लाकडी फळ्यांची जमीन, मोठ्या खिडक्या. फोटोत सुंदर दिसतात. पण अनेक इमारतींना लिफ्ट नाही, आणि मजले तळमजला सोडून मोजतात. जाहिरातीत चौथा मजला लिहिलंय म्हणजे नव्वदच्या आसपास पायऱ्या, एका हातात पिशव्या, दुसऱ्या कडेवर झोपलेलं पोर. बाबागाडी खाली ठेवायला जागा आहे का, ते घर बघतानाच विचारा. फळ्यांवर मुलं धावली की खालच्याला सगळं ऐकू जातं. इमारतीच्या मागच्या अंगणाकडचं खालच्या मजल्यावरचं घर हिवाळ्यात दिवसभर दिवे लावायला लावतं. शोनहाउझर आलेवर यू 2 मेट्रो रस्त्यावरून उंच पुलावर धावते, तिथलं घर असेल तर झोपायची खोली मागच्या बाजूला हवी. ‘तीन त्सिमर’ म्हणजे हॉल धरून तीन खोल्या, स्वयंपाकघर त्यात मोजत नाहीत, आणि ते बरेचदा रिकामं असतं: ओटा, कपाटं, शेगडी काहीच नाही. आधीचा भाडेकरू स्वतःचं सामान विकत देऊ करतो, त्याचे किंवा नव्या सामानाचे काही हजार युरो वेगळे धरा.

हिशोब करून बघू. 85 चौरस मीटरचं घर, दर 20 युरो धरला तर काल्टमीटे, म्हणजे मूळ भाडं, 1,700. वर हीटिंग, पाणी, कचरा वगैरे चौरस मीटरला 3 ते 4 युरो, म्हणजे 255 ते 340. वीज आणि इंटरनेट त्यावर. डिपॉझिट कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत, इथे 5,100, पण ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. भाड्याच्या घरासाठी दलाल घरमालकाने नेमला असेल तर त्याचे पैसे त्यानेच द्यायचे, जून 2015 पासून तसा नियम आहे.

खरी मेख इथे आहे. शेजारी पंधरा वर्षं राहत असेल तर त्याचं भाडं तुमच्या निम्मंही असू शकतं. नवख्यांच्या माथी बरेचदा सामानासह, मुदतीचा करार मारला जातो. तात्पुरत्या वापराच्या अशा घरांना भाडेनियंत्रण लागू होत नाही, असा दावा मालक करतात. साध्या, बेमुदत कराराला मात्र नियम आहे: नवं भाडं त्या भागातल्या तुलनात्मक भाड्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त नको. तुलनात्मक दर 11 युरो असेल तर मर्यादा 12.10. हा दर बर्लिनच्या मीटश्पीगेलमध्ये, म्हणजे तुलनात्मक भाड्यांच्या तक्त्यात, पत्ता, बांधकामाचं वर्ष आणि आकार टाकून बघता येतो. 1 ऑक्टोबर 2014 नंतर पहिल्यांदा भाड्याने दिलेली नवी घरं यातून वगळली आहेत, आधीच्या भाडेकरूचं भाडं आधीच जास्त असेल तर तीही सवलत मालकाला मिळते. भाडं नियमाबाहेर वाटलं तर करार सुरू झाल्यापासून 30 महिन्यांच्या आत मालकाला लेखी तक्रार करा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा फरक मागता येतो. भाडेकरू संघाचं सभासदत्व घेऊन हे काम त्यांच्या वकिलांकडून करून घ्या.

घर न बघता एक पैही पाठवू नका. ‘मी परदेशात आहे, डिपॉझिट भरा, चावी कुरिअरने येईल’ ही फसवणूक ठरलेली आहे. मालक साधारण भाड्याच्या तिप्पट निव्वळ पगार बघतात. पगारपत्रकं नसतील तर नोकरीचा करार आणि कंपनीचं पत्र जोडा.

तुमच्या जागी मी त्याच बेत्सिर्कमध्ये थोडं उत्तरेला बघेन. पांकोमधली फ्लोराकीत्स ही वस्ती यू 2 आणि एस-बानवर (शहरातली लोकल रेल्वे) आहे, बागा मोठ्या, तीच दगडी रस्त्यांची जुनी घरं. वाइसन्झेमध्ये पोहायचं तळं आहे, पण मेट्रो नाही, एम 4 ट्रामवर भिस्त. दोन्हीकडे युगेंडआम्ट आणि शाळाखातं तेच, त्यामुळे पुढे प्रेन्झलाउअर बेर्गमध्ये घर मिळालंच तर कागदपत्रं नव्याने सुरू करावी लागत नाहीत. याउलट प्रेन्झलाउअर बेर्गमध्येच तिसऱ्या मजल्याखाली बेमुदत करार नियमातल्या भाड्यात मिळाला, तर विचार करत बसू नका, घ्या.

पहिलं तात्पुरतं घर घेताना मात्र मालक वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही तिथे राहायला आलात याचा दाखला, देणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा. या सहीच्या कागदाशिवाय पत्त्याची नोंदणी होत नाही, ती राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, आणि शाळा, किटा, कर क्रमांक सगळं तिच्यावर अडतं. कर क्रमांक पोस्टाने येतो. टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, तेव्हा चावी मिळेल त्याच दिवशी नाव लावा.